एक टेंपो खारीचा आहेर

खारीला वजन नसतं. वाक्य वाचायला निरुपद्रवी आहे, पण या उन्हाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात माझी जी शोभा झाली, तिचं मूळ या वाक्यात आहे. खारी सिमेंटसारखी जड असती तर मी आजही ताठ मानेनं बाजारात गेलो असतो. आता जातो तेव्हा भाजीवाली विचारते, "सर, आमच्या पोरीची हळद पुढल्या महिन्यात हाय. येनार ना गाडी घेऊन?"

मी कर्जतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. 'वाहतूक आणि वितरण' हा माझा आवडता धडा. वाहतूक म्हणजे मालाला स्थल-उपयोगिता प्राप्त करून देणं, ही व्याख्या मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतली आहे. माल जिथं पडून आहे तिथून जिथं हवा आहे तिथं नेला की त्याला किंमत येते, एवढाच तिचा अर्थ. हे शिकवताना माझा आवाज लागतो, हात हलतात, कधीकधी खडू मोडतो. पण आजवर मी स्वतः कुठून कुठं काही नेलं नव्हतं. आमच्याकडे गिरणीत दळणसुद्धा हर्षलाच नेते.

हर्षला म्हणजे माझी बायको. तिनं यंदा 'सुप्रभा' नावाच्या कंपनीच्या खारी-टोस्टची एजन्सी घेतली. खालापूरपासून भिवपुरीपर्यंतचा पट्टा तिचा. या पट्ट्यातलं एकेक किराणा दुकान तिनं उन्हातान्हात स्कूटरवर फिरून गाठलं, दुकानदारांच्या बायकांशी मैत्री केली आणि ऑर्डरी आणल्या. कंपनीची अट एकच होती. पहिला माल रविवारपर्यंत सगळ्या दुकानांत दिसला पाहिजे, कारण सोमवारी पुण्याहून बारटक्के नावाचे एरिया साहेब स्वतः येऊन बघणार होते. माल दिसला नाही तर पट्टा जाणार खोपोलीकडच्या एका बड्या एजन्सीवाल्याकडे. त्याच्याकडे साबण, तेल, बिस्किटं सगळं आधीच होतं. हर्षलाकडे एवढंच होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या नावाची पाटी आमच्या दारावर लागली होती, माझ्या पाटीच्या वर.

अशा वेळी नवऱ्यानं काय करावं? गप्प बसावं. मी म्हणालो, "वाहतुकीचं माझ्यावर सोपव."

"तुमच्यावर?"

"अगं, माझा विषयच आहे तो!"

तिनं हातातली ऑर्डरींची वही मिटली. मग म्हणाली, "बरं. पण फक्त शनिवारचा दिवस आहे हातात. मला त्याच दिवशी वरच्या वाड्यांमधल्या दुकानांत रॅक लावायचे आहेत, म्हणून. नाहीतर मीच गेले असते." यातल्या 'नाहीतर'कडे मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं.

मी कामाला लागलो. तालुक्याचा नकाशा आणला, त्यावर चार रंगांच्या स्केचपेननं मार्ग आखले. लाल म्हणजे प्रथम प्राधान्य, हिरवा म्हणजे परतीचा, निळा आणि जांभळा कशासाठी ते आता आठवत नाही. नकाशा दिवाणखान्यात भिंतीवर लावला आणि आमच्या इमारतीत बातमी पसरली. मग सल्लागार मंडळी यायला लागली.

पहिले आले मोकलकाका. ते रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या मते माल म्हणजे वॅगन, बाकी सगळी पोरखेळाची कामं. ते चष्मा वर करून नकाशा बघत म्हणाले, "हे ठाकुरवाडी लाल रंगात का?"

"पळसदरीपासून जवळच आहे की. बोटभर अंतर."

"बोटभर! अहो सर, तिथं घाटातली रेल्वे जाते. टेंपो कसा नेणार? लोणावळ्याच्या गाडीला मागून जोडणार?" आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ठाकुरवाडीत आपलं दुकानच नाही, असं हर्षलानं स्वयंपाकघरातून सांगितलं. मी ठाकुरवाडीवर पांढरा रंग फासला.

दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं खारीऐवजी नानकटाई घ्या, असा सल्ला दिला. ती म्हणे टिकते. तिसऱ्यानं ड्रोनबद्दल सांगितलं. तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मैनाताई मात्र नकाशाकडे न बघताच म्हणाल्या, "सर, लग्नसराई हाय. या दिवसांत टेंपो मालाचे नसतात, वऱ्हाडाचे असतात. आधी टेंपोचं बघा." हा सगळ्यांत साधा सल्ला होता, त्यामुळे मी तो ऐकला नाही.

व्हायचं तेच झालं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी ज्या ज्या टेंपोवाल्याला फोन केला, त्याच्या घरी किंवा शेजारी किंवा निदान सासुरवाडीत शनिवारी हळद नाहीतर रविवारी लग्न होतं. शेवटी पळसदरीच्या बाजूचा धाकलू मिळाला. गोल चेहरा, मोठा आवाज, आणि जगात कुणाला कशालाही नाही म्हणायचं नाही असा स्वभाव.

"शनवारी? मिळल की! आपली गाडी खालीच हाय," तो म्हणाला. "तुमी काय टेन्शन घेऊ नका, सर. माल जागच्या जागी पोचनार."

सगळ्या तालुक्याचे टेंपो गुंतलेले असताना याचाच रिकामा कसा, हा प्रश्न बारावीच्या मुलानंही विचारला असता. मी विचारला नाही.

शनिवारी सकाळी खालापूरच्या बाजूला कंपनीच्या डेपोवर मी धाकलूची वाट बघत उभा राहिलो. टेंपो आला तो पुढं दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधून. मी चकित झालो.

"शकुन हाय, सर," धाकलू म्हणाला. मला त्याच्या व्यवसायनिष्ठेचं कौतुक वाटलं.

पहिली अडचण कागदांची. मालाच्या कागदावर गाडीचा जो नंबर टाकला होता ती धाकलूची गाडी गॅरेजमध्ये होती. ही त्याच्या चुलत भावाची होती. डेपोतला कारकून म्हणाला, नंबर बदलून कागद नव्यानं काढावा लागेल, आणि त्यासाठी जो माणूस लागतो तो नाश्त्याला गेला आहे. मी खवळलो. वाहतुकीच्या दस्तऐवजांत वाहनाचं महत्त्व गौण आणि मालाचं प्रधान कसं असतं, हे त्याला खिडकीत वाकून सविस्तर समजावलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं.

"सर, मी तुमचाच विद्यार्थी," तो म्हणाला. "हा धडा तुम्ही आम्हाला ऑप्शनला टाकायला सांगितला होता."

त्यानंतर मी नाश्त्याला गेलेला माणूस परत येईपर्यंत एका दगडावर बसून राहिलो.

माल भरला तेव्हा खारीचा खरा स्वभाव कळला. खोके छपरापर्यंत गेले, टेंपो गच्च दिसायला लागला, पण चाकं जराही दबली नाहीत. धाकलूनं एक खोका एका बोटावर तोलून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "ह्यात तर काय हायच नाय, सर. गाडी मोकळी चालवल्यासारी होनार. उड्या मारील रस्त्यानं." गाडीचा असा अपमान त्याला सहन होईना. म्हणून त्यानं खोके नीट दाबून, मागं जागा करून, रस्त्यात एका घरातून तांब्यापितळेची मोठाली पातेली आणि हंडे चढवले. "बुडाला वजन पायजे," तो म्हणाला. मला ते शास्त्रीय वाटलं.

पण रिकामी दिसणारी जागा आमच्या भागात फार वेळ रिकामी राहत नाही. इथला रिवाजच तसा आहे. वरच्या गावांकडे निघालेल्या गाडीला कुणीही हात करावा, "वर चाललाय का रं?" म्हणावं, आणि गाडीवाल्यानं थांबावं. नाही म्हणणारा माणूस पुढच्या वेळी पंक्चर झाला तर कुणी त्याला पाणीसुद्धा देत नाही. दर वळणावर धाकलू थांबत गेला. नटूनथटून, गजरे माळलेल्या बायका मागं चढत गेल्या. प्रत्येकीला मी खोक्यांवर बसू नका म्हणून सांगितलं. प्रत्येकीचं उत्तर एकच, "बसत नाय बाबा, टेकते." शेवटी एक बोकड चढला. तो टेकला नाही, उभा राहिला.

"धाकलू, हा काय प्रकार आहे?" मी केबिनमधून विचारलं.

"भाचीची हळद हाय, सर. रस्त्यातच हाय. मी मामा पडलो ना! मामा गेल्याबिगर हळद लागत नाय. दोन मिनटं थांबू, हळद लावू, आनि मंग सगळी दुकानं." आता कुठं मला केळीच्या खुंटांचा उलगडा झाला.

मी रागवणार इतक्यात समोर हवालदार उभे राहिले. शिट्टी वाजली, टेंपो थांबला. हवालदार माझ्या खिडकीशी आले.

"काय माल?"

"खारी आणि टोस्ट," मी रुबाबात कागद पुढं केले.

मागून बोकड ओरडला.

"ही खारी ओरडते का?" हवालदारांनी मागं जाऊन ताडपत्री वर केली. आत हळदीची गाणी चालली होती. एक आजीबाई पातेल्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि बोकड एका खोक्याचा कोपरा मन लावून खात होता. हवालदार परत माझ्याकडे आले. त्यांचा स्वर आवाज न चढवता अवघड प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकाचा होता.

"साहेब, एक काय ते सांगा. तुम्ही मालाचे की वऱ्हाडाचे?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मालाचे म्हणावं तर मालाच्या गाडीत माणसं बसवलेली, पावती फाटणार, गाडी अडकणार, दुकानं राहणार. धाकलूनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी आयुष्यात पहिल्यांदा एका गणवेषधारी माणसाशी खोटं बोललो.

"वऱ्हाडाचे," मी म्हणालो.

"मग ही खोकी?"

"आहेर हाय, साहेब!" धाकलू ठणठणीत आवाजात म्हणाला. "सरांचा आहेर. पोरीला."

हवालदारांनी एकदा खोक्यांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत आदर होता. त्यांनी पावती फाडली नाही, दमदाटी मात्र भरपूर केली. सगळ्या बायकांना उतरवून मागून आलेल्या जीपमधून पुढं पाठवलं. बोकडही त्यांच्याबरोबर गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या बायकांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्या आमच्या आधी मांडवात पोचणार होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आमचा टेंपो गावाच्या वळणावर आला तेव्हा बँजो वाजायला लागला. मला वाटलं नवरी कुठून तरी येते आहे. दहा-बारा पोरं धावत आली, ताडपत्री सुटली आणि बघता बघता खोके मांडवाच्या दिशेनं चालू लागले. "अरे थांबा, थांबा!" मी उतरेपर्यंत एका बाईनं मला कुंकू लावलं, दुसरीनं ओवाळलं, आणि तिसरीनं माझ्या पायावर पाणी घातलं. पायांत बूट होते, बुटांत मी होतो.

इकडच्या हळदीत आहेर नुसता देऊन चालत नाही, तो माइकवर पुकारतात. कुणी काय दिलं ते गावाला, शेजारच्या गावाला आणि वारा बरा असेल तर त्याच्याही पलीकडच्या गावाला कळतं. माइकवर स्वप्नील नावाचा एक तरुण होता. तोही माझा विद्यार्थी निघाला.

"कर्जतचे आपले लाडके सर आणि त्यांच्या मिसेस सौभाग्यवती हर्षलाताई यांच्याकडून वधूला," इथं त्यानं श्वास घेतला, "एक टेंपो खारी-टोस्ट! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मी लोकांतून वाट काढत माइकपर्यंत पोचलो. सत्य काय ते सांगायचं, माल उचलायचा आणि निघायचं, एवढं ठरवून मी स्वप्नीलच्या हातातून माइक घेतला. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं माझा दुसरा हात धरला. नवरीची आजी, भागूबाई. नऊवारी कोरी, हात मात्र कामाचे, खरखरीत.

"माजा लेक आसता तर त्यानं आज गाडी भरून आनली आसती," ती म्हणाली. "पोरीचा बाप गेला, आनि आमच्या दाराला आहेराची गाडी लागायची बंद झाली रं बाबा. लोक येतात, पाकीट देतात, जातात. तू कोन, कुठला, ना नात्याचा ना गोत्याचा, आनि पोरीसाटी गाडी भरून आनलीस." तिनं माझा हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला.

हा सगळा संवाद माइकवर गेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माइक तोंडाशी नेला. हर्षला डोळ्यांसमोर आली, तिची ती पाटी आली, सोमवार आला.

"आणखी काही लागलं तर सांगा," मी म्हणालो.

मांडवात पुन्हा टाळ्या झाल्या. मी मांडवाच्या मागं गेलो आणि डोकं धरून बसलो. मला भागूबाईचं खरंच वाईट वाटलं होतं, आणि हर्षलाचं त्याहून वाईट वाटत होतं, आणि या दोन्हींत माझा स्वतःचा हात होता. धाकलू तिथंच सापडला. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा त्याचाही चेहरा उतरला.

"सर, माझ्या तोंडून गेलं ते. हवालदाराला बगून सुचलं ते बोललो. पन आता माइकवर झालंय. माइकवरचं मागं घेतलं तर म्हातारी दारातून भायेर नाय पडनार परत." तो कपाळाला हात लावून माझ्या शेजारी बसला. मग त्यानं मला चहा आणून दिला. बरोबर खारी होती. पोरांनी एक खोका फोडला होता.

एवढ्यात फोन वाजला. तिथं रेंज फक्त एका धोंड्यावर उभं राहिलं की येत होती. मी चढलो.

"पहिलं दुकान झालं का?" हर्षला.

"होतंय. म्हणजे झाल्यातच जमा."

"मागं काय वाजतंय?"

"बाजार आहे."

नेमकं तेव्हाच स्वप्नीलला उत्साह आला आणि त्यानं उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी आहेर पुन्हा पुकारला. माझं नाव, मग सौभाग्यवती हर्षलाताई, मग एक टेंपो.

"आत्ता माझं नाव कोणी घेतलं?" तिनं विचारलं. "कुठल्या गावात आहात? नुसतं गावाचं नाव सांगा."

मी सांगितलं.

दुपार कलायच्या आत स्कूटर मांडवाच्या दारात आली. हर्षलाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, काच खाली होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि मला घाईही नव्हती. पण तिला माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. आहेराची मालकीण आली म्हटल्यावर बायकांनी तिला गराडा घातला, हेल्मेट काढलं, थेट नेऊन नवरीशेजारी पाटावर बसवलं आणि दोन्ही गालांना हळद फासली. पिवळ्या गालांनी इतकं रागावता येतं हे मी प्रथमच पाहिलं. मी समोर जाऊन उभा राहिलो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझी होती हो ती एजन्सी. एवढं एकच माझं होतं."

'होती' म्हणाली ती. तेवढ्यात भागूबाई आली आणि माझ्या हातांचं जे केलं होतं तेच तिच्या हातांचं केलं, तेच शब्द बोलली, मुलाचं, गाडीचं. हर्षला माल परत न्यायला आली होती. पण तिनं भागूबाईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, एवढंच.

पण शेजारी नवरी बसली होती, सोनाली. हळदीनं पार माखलेली, मान खाली, पण कान शाबूत. भागूबाई पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, कसली एजन्सी गेली तुमची?"

"काही नाही गं. आज तुझा दिवस आहे."

"सांगा ना. मी ऐकलं मगाशी."

हर्षलानं सांगितलं. थोडक्यात, कुणावर दोष न ठेवता, म्हणजे माझं नाव न घेता. सोनालीनं धाकलूकडे बघितलं. धाकलूनं मांडवाच्या छताकडे बघितलं.

"मामा, तू पन ना!" ती म्हणाली. मग जरा विचार करून तिनं हाक मारली, "आजे! ए आजे! ह्यो आहेर माझा ना?"

"तुजाच गं बाय. आनि कुनाचा?"

"मंग मी तो वाटनार. माज्या हळदीची खारी समद्या गावांत जाऊ दे. एकेका दुकानात एकेक खोका. लोक घेतील, चहासंगं खातील, इचारतील, कुनाची हळद होती रं? भागूबाईच्या नातीची."

भागूबाईनं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू पसरत गेलं त्याला समाधान हा शब्द पुरणार नाही. घरात पडून राहिलेल्या आहेरापेक्षा पट्टाभर फिरणारा आहेर केव्हाही मोठा. "जाऊ दे," ती म्हणाली. "भिवपुरीला माजी सख्खी जाव हाय, तिला कळूच दे."

मग हर्षला उठली. तिनं जाऊन माइक घेतला. तिला प्रत्येक दुकान, दुकानाच्या समोरचं झाड, दुकानदाराची बायको सगळं तोंडपाठ होतं. "पळसदरीचे पाहुणे कोण आहेत? धरणाकडच्या रस्त्यावरचं दुकान कुणाच्या वाटेवर आहे?" हात वर होत गेले. हळदीला माणसं येतात ती सगळ्या पट्ट्यातून येतात, आणि संध्याकाळी सगळ्या पट्ट्यात परत जातात. "भिवपुरीच्या आवडीबाईच्या दुकानात? आमच्या चुलत्याच्या दारातच हाय ते, द्या इकडं." सोनाली पाटावर बसल्या जागेवरून प्रत्येकाला खोका देत होती, आणि तिच्या दोन्ही हातांना हळद होती. "वाटेत फोडायचा नाही," हर्षला प्रत्येकाला बजावत होती. खोके मोटारसायकलच्या टाकीवर बसले, जीपच्या टपावर चढले, एक बाई तर डोक्यावर घेऊन निघाली. आधी लाल मार्गावरची दुकानं घ्यावीत, अशी सूचना मी केली. ती कुणी ऐकली नाही, बँजो चालू होता.

एकच खोका गेला नाही. पोरांनी चहासाठी फोडलेला. तो हर्षलानं झाकून बाजूला काढला होता, पण भागूबाईनं तो उचलला आणि ओसरीवर मुलाच्या फोटोखाली नेऊन ठेवला. हर्षला बघत होती. काही बोलली नाही.

काही न बोलणं हे तिनं पुढंही चालू ठेवलं, निदान माझ्याशी. रविवारभर ती माझ्याबद्दल बोलली, पण मैनाताईंशी. "वाहतूक जेवली का विचारा," असं एकदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. नकाशा मी भिंतीवरून काढून कपाटावर टाकला. मोकलकाका दार उघडून आत डोकावले, भिंत बघितली आणि सल्ला न देता गेले. त्या दिवशी मला ते फार चांगले माणूस वाटले.

सोमवारी बारटक्के साहेब आले. बारीक, टापटीप, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दुकानात त्यांनी खोका बघितला आणि चष्मा काढून पुसला. खोक्यावर हळदीचा पंजा उमटला होता, पाच बोटं स्पष्ट. दुसऱ्या दुकानात तसाच. तिसऱ्यातही.

"ही काय तुमची खूण आहे?" त्यांनी हर्षलाला विचारलं.

"इकडे पहिला माल असाच येतो," ती म्हणाली. इतक्या सहजपणे मला कधी खोटं बोलता येणार नाही.

भिवपुरीजवळ आवडीबाईच्या दुकानात तर फजिती झाली. माल आला होता, पण मांडलेला नव्हता. आवडीनं खोका देव्हाऱ्याशेजारी ठेवून त्याला हार घातला होता आणि उदबत्ती लावली होती. "हळदीचा माल हाय, साहेब. नारळ फोडल्याबिगर कसा इकनार?" बारटक्के साहेबांच्या नोकरीत देवाच्या शेजारी बसलेला टोस्ट बहुधा पहिलाच असावा. हर्षलानं शांतपणे नारळ मागवला, साहेबांच्याच हस्ते फोडला. खोका उघडला तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यांनी निम्म्या खारीचा चुरा केला होता. पण दारात गिऱ्हाईकं उभीच होती. "त्या हळदीतली खारी ना? द्या की, चुरा चालल, चमच्यानं खाऊ." साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुकान रिकामं होताना बघत राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी हर्षलाला सांगितलं की पट्टा तिच्याकडेच राहील, पुढचा माल लवकर उचला. तिनं नुसती मान डोलावली. ओठ मात्र तिला आवरेनात. मी दोन पावलं मागं, साहेबांची बॅग धरून उभा होतो. बॅग धरायला मला कुणी सांगितलं नव्हतं, पण काहीतरी धरावंसं वाटत होतं.

"एक राहिलं," साहेब कागद चाळत म्हणाले. "सगळीकडचं जुळलं, पण एक खोका कमी लागतोय. डेपोतून निघाला आणि दुकानात पोचला नाही. वाहतूक कोण बघतं तुमच्याकडे?"

मी घसा साफ करून पुढं झालो. "त्याचं असं आहे, साहेब, मालाच्या वहनात काही अपरिहार्य घट..."

"घट नाही ती," हर्षला म्हणाली. ती साहेबांशी बोलत होती, पण दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. कानामागं अजून थोडी हळद राहिली होती. "तो खोका एका मुलीच्या हळदीत आहेर दिलाय. आम्हा दोघांचा."

साहेबांनी कागदावर तसं लिहून घेतलं. मी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि स्कूटरची मागची सीट उगाच रुमालानं पुसत राहिलो.